तीनशे पीपीएम

रेणापूर मागं पडलं की वाऱ्याला काकवीचा वास लागतो.
गेटावरच्या वहीत लिहिते: सुकेशनी, लॅब, रात्रपाळी.
स्वेटरची बाही वर सारून
नळीत रस घेते, त्यात मॉलिब्डेट,
आणि वाट बघत बसते
निळं उगवायची.

आज निळं फिकट आहे,
वर्षभर धुतलेल्या शाळेच्या शर्टासारखं.
एकशे नव्वद. पाहिजेत तीनशे.

अन्सारभाई दारातूनच, "काय म्हणायलाय रस?"
"उपाशी आहे," मी म्हणते.

इथली माती वरून काळी, आतून चुनखडीची.
फॉस्फेट पडलं रे पडलं
की चुना त्याला गाठतो,
बाजारात जुना वर्गमित्र भेटावा
आणि हात सोडूच नये, तसा.
मुळांच्या वाट्याला उरतं ते थोडकंच.
ऊस ते थोडकंच घेऊन गाडीत चढतो,
काट्यावर वजन देतो, चरकात पिळला जातो
आणि माझ्या नळीत येऊन फिकट पडतो.

मग मी कॅन उघडते.
पंच्याऐंशी टक्के. रंग नाही, घाई नाही,
पाकासारखं ओघळतं.
हातमोजे घाला, डोईजोडे साहेब सतरा सीझन सांगत राहिले,
स्वतः कधी घातले नाहीत.
ते म्हणायचे, हे आम्ल माझ्या औशाच्या आत्यासारखं आहे.
तीन हायड्रोजन पदरात.
पहिला मागितला की देते.
दुसऱ्याला, बघू, उद्या ये.
तिसरा मात्र
चुना घरात येऊन ठिय्या मारल्याशिवाय सुटत नाही.

चुना येतोच. टाकीत ढवळून, गरम रसात.
शेतात ज्याच्यावर आम्ही चिडतो
तीच पकड इथं कामाला लागते:
नासलेल्या दुधासारखे पुंजके,
माती, मेण, पाचटाची काजळी कवेत घेऊन
तळाला जाऊन बसतात.
वर रस उभा राहतो, सोनेरी,
काचेआडून पलीकडचं घड्याळ वाचता येईल इतका.

दिवाळीआधी लातूरला दात भरला.
डॉक्टरनं सुईतून निळी जेल लावली.
मी विचारलं, यात काय?
"फॉस्फोरिक," ती म्हणाली, "घाबरू नका, पंधरा सेकंद."
तोंड उघडं, बोलता येईना,
नाहीतर सांगितलं असतं, बाई, आमची रोजची ओळख आहे.
दात ज्या दगडाचा, तो दगड ह्याच आम्लाच्या घराण्यातला.
घरचंच माणूस भिंत खरवडतं,
म्हणून तर नवा गिलावा धरतो.

अन्सारभाईंनी उरलेलं पातळ करून
सायकलच्या चिमट्याला लावलं होतं एकदा.
तांबडा गंज काळा पडला, गप्प झाला.
"चोरी नाही हां मॅडम, सांडलेलं होतं."
मी वहीत लिहिलं: सांडलं, पन्नास मिली.

पहाटे तीनला डोळे जड होतात.
तेव्हा आठवतं, हे जागणंसुद्धा त्याच्याच जिवावर चाललंय,
पेशीपेशीत तीन फॉस्फेटांची साखळी,
एक कडी तुटते आणि माझा हात
पेन्सिलपर्यंत पोचतो.

आणि त्याहून आत,
आईचं कपाळ माझ्या कपाळावर ज्यानं उतरवलं
त्या धाग्यात
साखर, फॉस्फेट, साखर, फॉस्फेट.
मी साखर कारखान्यात कामाला आहे
हे तिला फोनवर पुन्हा पुन्हा सांगावं लागतं,
तिला वाटतं कॉलेजात शिकवते.
गुडघ्याचा फोटो काढलाय तिचा, हाडं विरळ म्हणाले.
किती विरळ? ते आकड्यात सांगत नाहीत.
मला आकडा लागतो.

बाहेर ट्रॅक्टर गाळाची मळी भरून निघालाय,
वाफाळता, काळा, वासाचा.
पुंजक्यांत बसलेलं सगळं
परत त्याच शेतात, त्याच चुन्याच्या तावडीत.
जाऊ दे. पुढच्या सीझनला
पुन्हा फिकट येईल, पुन्हा कॅन उघडू.

दुसरी नळी उजेडाला धरते.
अन्सारभाई मागून डोकावतात, "आता?"
निळं गडद. धुवायच्या आधीचा शर्ट.

३.४० — ३१०.
सही करते, आणि हातमोजे
घालायचे राहिले होते, हे तेव्हा दिसतं.