खरं

मुचंडीकर गेले मंगळवारी.
बुधवारी वडगावात लाईट नव्हती, माग बंद,
त्यामुळंही असेल, दहा वाजताच वाचनालयात माणसं.
रांगच म्हणा ना.
प्रत्येकाच्या हातात त्यांचं पुस्तक, परत करायला आणलेलं.

कुणी बारा वर्षांमागं नेलेलं, कुणी अठरा.
एकाची नोंद तर अप्पांच्या अक्षरात,
आणि अप्पा जाऊनच नऊ वर्षं झाली.
मुचंडीकरांबद्दल कुणी फारसं बोललं नाही.
पुस्तक टेबलावर ठेवायचं, खिशात हात घालायचा :
"दंड किती झाला बघ की रे."

इरप्पा कामकराच्या पुस्तकात जरीचा तुकडा,
खूण म्हणून, पान एकशे चारवर.
"पुढं वाचूलालो होतो, खरं डोळे गेले."
घरात कन्नड, शाळा कन्नड;
मराठी तो शिकला मुचंडीकरांच्या मुखपृष्ठांवरून.
अजून 'क्त' दिसला की त्याला रक्तच वाटतं,
मग तो पावतीवरचा 'रुपये फक्त' का असेना.

एकदा मुचंडीकर आले होते इथं, रिक्षातनं.
साखर बंद होती, तरी कुंदा खाल्ला.
कपाटातनं स्वतःचीच पुस्तकं काढून
मागच्या कार्डावरचे तारखांचे शिक्के
बोटानं मोजत बसले.
'चोर्ल्याची सून' हातात आलं आणि अप्पा ओशाळले.
शेवटचं पानच नव्हतं त्याला.
"मग लोक काय करतात?"
"मी सांगतो की त्यांना."
"काय सांगता?"
"वेणू पहाटेच्या पणजी गाडीत बसली म्हणून."
मुचंडीकर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "तिकीट कुणी काढून दिलं?"
"ते काही ठरवलं नाही."
"ठरवा," म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले.

अप्पांनी काही ठरवलं नाही. मीही नाही.
वीस वर्षं या गल्लीत वेणू
बिनतिकिटाची घाट उतरते आहे.

सगळे गेल्यावर यल्लूबाई आली, धामणेकरांची.
हातात पुस्तक नाही.
रेक्झिनच्या पर्समधनं प्लास्टिकची पिशवी,
तिच्यात रेशनकार्ड, रेशनकार्डात
चार घड्या घातलेलं पान दोनशे अकरा.

"मीच फाडलेलं.
ती परत जातीय रे तेच्यात. सासरला.
कडी वाजवतीय, आत जातीय, संपलं.
माझ्या मागनं पुस्तक कमळीनं सांगून ठेवलेलं,
तिच्या मागनं शांतव्वानं.
दोघी पण निघायच्या बेतात होत्या त्या वर्षी."

शांतव्वा काही गेली नाही.
कमळी म्हापशात आहे, काजूच्या कारखान्यात,
दिवाळीला फोन येतो.

माझ्या तोंडून आपोआप आलं, "तिकीट कुणी काढलं?"
"कुणाचं?"
"कमळीचं."
यल्लूबाईनं पर्सची चेन लावली.
"आणि कोण काढणार?"

पान वाचलं मी.
ती म्हणते तसंच आहे.
वाक्यं चांगली आहेत, उगाच कशाला खोटं बोला;
कडीचा आवाज तर कानात बसतो.

आमच्याकडं 'पण' म्हणायचं असलं की 'खरं' म्हणतात.
पुण्याचे पाहुणे हसतात, त्यांना वाटतं
आम्ही प्रत्येक वाक्यात शपथ घेतो.
लेखकानं लिहिलंय ते हे आहे, खरं
यल्लूबाई दंडाचे दहा रुपये ठेवून पायरी उतरली
आणि तेवढ्यात लाईट आली,
गल्लीतले माग एकदम सुरू झाले,
तिनं वळून काहीतरी सांगितलं ते ऐकूच आलं नाही.

मी 'चोर्ल्याची सून' काढलं, डिंकाची बाटली काढली.
टोपण घट्ट बसलेलं.
फार जोर लावला नाही.