नग एक

निविदेत लिहिलं होतं: विमान, नग एक.
मासा, लोखंडी, नग एक.
घासणे, अस्तर लावणे, रंगाचे दोन हात.
मे महिन्याच्या आत पुरे करणे.

मी पाट्या रंगवणारा माणूस.
माशेलातली एक कमान, पर्वरीच्या दोन बालवाड्या,
बेतीच्या धक्क्यावर ट्रॉलरांची नावं आणि नंबर,
आणि एकदा एका बारच्या भिंतीवर अननस,
जो मालकाला शेवटपर्यंत फणस वाटला.
विमान पहिल्यांदाच.

मिरामारला, विज्ञान केंद्राच्या हिरवळीवर
ते तीन खुंटांवर उभं आहे, नाक समुद्राकडे.
चाकांत हवा नाही, सिमेंट भरलंय.
इंजिनाच्या तोंडाला जाळी, जाळीला भोक,
भोकातून साळुंक्या ये-जा करतात
कुणाची परवानगी न काढता.

शेजारी कला महाविद्यालयातल्या पोरांनी केलेला बांगडा:
सायकलच्या साखळ्या, स्कूटरची मडगार्डं,
डोळ्याच्या जागी बेअरिंग.
वारा आला की शेपूट हलावी अशी योजना होती.
खाऱ्या हवेनं सांधा धरला.
आता वारा येतो, शेपूट नुसतं ऐकून घेते.

सहलीची मुलं माशाच्या पोटात शिरतात.
बाई ओरडतात, विमानाला हात लावू नका.
एकानं विचारलं, काका, हे अजून उडतं?
म्हटलं, रंग ओला आहे रे, सुकू दे आधी.

घासताना थर निघाले.
राखाडी, खाली आणखी एक राखाडी,
त्याखाली शाळेतल्या दौतीचा निळा,
जो आता कुठल्याच दुकानात मिळत नाही.
डाव्या पंखावरचे रिव्हेट मोजत गेलो,
जेवणापर्यंत नऊशे चाळीस. मग चुकलो.

इनास कुलासो रोज चारला येतो,
ताळगावहून, बसनं. छत्री बारा महिने.
बत्तीस वर्षं दाबोळीच्या हँगरात
त्यानं यांची पोटं उघडली, शिवली.
शिडीखाली उभा राहून माझ्या चुका काढतो.
तो आठ इतका गोल नव्हता रे.
आणि हा पंख याचा नाहीच.
बदलाबदली केली होती घाईत,
याचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा याला.
मग ते दुसरं?
छत्रीचं टोक त्यानं पाण्याकडे नेलं,
आग्वादच्याही पलीकडे,
तिथे जरा वेळ धरलं.
म्हणाला, चल, चहा घेऊया.

तिसऱ्या दिवशी चाकाच्या खोबणीतला पत्रा काढला.
तिथे ब्रश कधी पोचलाच नव्हता.
पेन्सिलीनं, वाकड्या रोमी अक्षरांत:
फिलू. तीन किलो शंभर. पहाटे चार.

मी मोठ्यानं वाचलं.
खाली इनासनं छत्री उघडली.
ऊन नव्हतं, काहीच नव्हतं.
रात्रपाळी होती, म्हणाला.
निरोप फाटकापर्यंत आला.
सांगणार कुणाला? हेच समोर होतं.

त्यानंतर ते कितीदा उडालं असेल,
बोटीवरून उठलं असेल, परत टेकलं असेल
तीन किलो शंभर पोटाशी धरून.
वजनाच्या कुठल्याच तक्त्यात ते नाही.

फिलू आता स्विंडनला, गोदामात, तिचीही रात्रपाळी.
गेली ती दाबोळीवरूनच.
इनास कुंपणाबाहेर उभा होता.
माणूस खिडकीत दिसत नाही, म्हणाला,
चाकं दिसतात, आत जाईपर्यंत.

साहेब तपासायला आले.
बांगड्याची शेपूट हलताना बघून खूश झाले
(डिझेल, हातोडी आणि एक अख्खी दुपार, बिलात नाही).
विमानाला एक फेरी मारली.
पोटाखाली कोण वाकतंय?

बिलात मी लिहिलं, रंगाचे दोन हात, संपूर्ण.
ते खोटं आहे.
तळहाताएवढी जागा सोडलीय.
तिथे नुसतं वॉर्निश, आरपार दिसणारं,
एकच हात, माझ्या पैशांनी.