सूचना मागविण्यात येत आहेत

(नागपूर, सचिवालय, मे १९४८)

रबरी शिक्क्यावरचा मुकुट
गोंदूजी शिपायानं वस्तऱ्यानं खरवडून काढला.
खालची अक्षरं राहू दिली.
नवा शिक्का इंडेंटात अडकलाय,
दिवाळीपर्यंत येईल म्हणतात.
तोवर आमच्या प्रत्येक कागदाला
डोक्याच्या जागी पांढरा खळगा.

मी दुय्यम कारकून.
मसुद्यावर आलेली पत्रं फोडायची
आणि तीन रकान्यांत बसवायची:
नाव, कलम, सूचना.
टपाल सगळ्यात जास्त कलम पाचवर,
म्हणजे नागरिक कोण, यावर.
वाळ्याच्या पडद्याचं पाणी टेबलावर उडतं,
एखाद्याचं गाव फुगून वाचेनासं होतं.

गोळीबार चौकातून विठोबा पराते, विणकर:
"मागावर बसलो की पाय खड्ड्यात असतात साहेब.
गुडघ्यापर्यंत तर याच जमिनीत आहो.
आणखी किती आत जावं?"
मी सूचनेच्या रकान्यात लिहिलं,
निवासाच्या पुराव्याबाबत.

सदरमधले वाँग, दातवाले,
पाटीवरच्यासारख्या ठसठशीत नागरीत:
एकवीस वर्षं या शहराच्या दाढा काढतो आहे.
मुलगी मेयोत जन्मली,
शेजारणीशी वऱ्हाडीत भांडते.
मला राहू द्या बाजूला, तिला कुठे धरता?

छावणीतून लीलाराम, एका ओळीचं कार्ड:
"कलमातल्या तारखेला मी बोटीत होतो,
बोट कुठल्या देशात धरावी?"

यावर मी हसलो, मग थांबलो.
मी मूर्तिजापूरचा.
आजा कागदोपत्री निजामाचा,
इंग्रजाकडे कायमच्या पट्ट्यानं दिलेला,
विहिरीसकट शेत देतात तसा.
शाळेत आम्ही लंडनच्या राजाला दीर्घायुष्य मागायचो,
घरी येऊन ज्वारीची भाकर खायचो.
पट्टा संपला की माणूस कुणाकडे परत जातो,
हे मसुद्यात मी दोनदा शोधलं.
कारकुनांनी सूचना करू नये, असं परिपत्रक आहे.

तुळसाबाई निखारे मात्र स्वतःच आल्या.
अर्ज नाही, टपाल नाही. उभ्यानंच बोलल्या:
"नवरा रंगूनले गेला, थो गेलाच.
बाई नवऱ्याच्या देशाची, असं म्हन्ते लोकं.
त्यालेच मालूम नाई थो कोठचा हाय,
मंग मी काहून जाऊ त्याच्या मांगं?
लिहा. आन् पोच द्या."

लिहिलं. पोच दिली, शिक्का मारला.
बाईंनी कागद उजेडाला धरला.
"इथं काय होतं?"
मुकुट होता, म्हटलं.
"आन् आता?"

मी शाईची गादी पुढे सरकवली,
सहीऐवजी अंगठा खाली घ्यायचा म्हणून.
त्यांनी तो वर, खळग्यात दाबला.
अंगठा मोठा, कांडी भरून भरून रुंद झालेला;
मावला नाही,
खालच्या अक्षरांवर पसरला,
खात्याचं नाव अर्धं काळं झालं.

पोच बाद. दुसरी करून दिली.
अधीक्षकांनी शेरा मारलाय:
एक छापील फॉर्म कमी भरतो, खुलासा करावा.

मुदत संपून आठ दिवस झाले.
पत्रं येताहेत.
गोंदूजी विचारतो, यांचं काय करायचं?
मी चौथा रकाना आखतो आहे,
त्याला वर काय नाव द्यावं ते अजून सुचलेलं नाही.
बाद पोच माझ्या खणात आहे.
खुलासा लिहायला घेतला, तो
"मी" या शब्दाच्या पुढे गेलेला नाही.