उघडा आठ

वेंगुर्ल्यात बर्फ फक्त सुरमईला ठाऊक होता.
भुशात गुंडाळलेल्या लाद्या बंदरावर यायच्या
आणि दुपारपर्यंत अर्ध्या व्हायच्या.
म्हणून ही स्पर्धा चाकांवर झाली.
अखिल भारतीय आकृती-स्केटिंग अजिंक्यपद:
आरोंदेकरांच्या काजू कारखान्याचं सिमेंटचं खळं,
मेची अखेर, बिया उचलून झाल्यावर.

अखिल भारत म्हणजे पहिल्या वर्षी अकरा जण.
मुंबईचे सहा, बेळगावचे दोन, आमचे दोन,
आणि मंगळूरचा एक,
जो खरं तर मेव्हणीच्या लग्नाला आला होता.
मी वही सांभाळायचो. वय चौदा, अक्षर बरं.

परीक्षक बोटीने यायचे.
त्यांना उतरवायला पडाव आत जायचा.
दुबाशसाहेबांना दरवर्षी बोट लागायची,
पहिला दिवस ते बाकावर आडवे,
पहिल्या दिवशी सगळ्यांना सारखे गुण.

इनास लोबो, एरवी देवळाची घंटा वाजवणारा,
खुंटी आणि सुंभ घेऊन
चुन्याची वर्तुळं आखायचा.
नियम एकच: त्याच रेषेवरून तीनदा जायचं
आणि तिसऱ्यांदाही रेषा एकच दिसली पाहिजे.
बेअरिंगला खोबरेल.
तरी खारा वारा रात्रीत चाक धरायचा.

चौथ्या वर्षी शेवंती कुबल आली.
आई तिथेच काजू फोडायची,
मायलेकींची बोटं चिकाने काळी.
स्केट मागून आणलेले, पुरुषी मापाचे,
पुढच्या पोकळीत काथ्या कोंबलेला.
दुबाश म्हणाले, "आठ."
दोन वर्तुळं तयारच होती, एकमेकांना चिकटून.
तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
कोऱ्या सिमेंटवर
वरून तिरकी उतरली, तळाशी वळली,
आणि उजवीकडे निघून गेली.
मग तशीच, पाठमोरी, उलटी परत आली.
मग पुन्हा सुलटी.
तीनदा. रेषा एक.

"हा आठ नाही," दुबाश म्हणाले.
"आमच्या शाळेत आठ असोच काढतत."
नियमांचं पुस्तक उघडलं गेलं, वाऱ्याने मिटलं,
पुन्हा उघडलं.
मी लिहिलं: गुण ०.
हा आकडा मात्र
त्यांच्या पुस्तकात आणि माझ्या वहीत
सारखाच बंद होता.

पुढचं फार नाही.
नऊ आले, मग सात.
एका वर्षी लढाई, रात्री दिवे नाहीत.
मग बोट आमच्या बंदराला लागेनाशी झाली,
आणि दुबाशांनी कळवलं
की आंबोली घाटही त्यांना बोटीसारखाच लागतो.
शेवटच्या वर्षी स्पर्धक एक: मंगळूरचा,
आता टकला, मेव्हणीची मुलगी सोबत घेऊन.
तो एकटाच फिरला, एकटाच जिंकला,
बक्षिसाच्या वेळी आम्ही पाच जणांनी
पन्नास जणांइतक्या टाळ्या वाजवल्या.
मान्यता काढल्याचं पत्र जूनमध्ये पोचलं,
शाई पसरलेली. सही तेवढी वाचता आली.

चषकात आता कारखान्याच्या किल्ल्या असतात.
वहीची मधली पानं वाळवीने खाल्ली,
तेव्हा तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंतचा इतिहास
म्हणजे मी म्हणेन तो.
शेवंती शिरोड्यात दिली. भेटली एकदा बाजारात.
"चाकां कोणाची होती, ताच आठवणा नाय," म्हणाली,
आणि तिसल्यांचा भाव पाडत राहिली.

कधी सकाळी खळ्यावर जातो.
चुना केव्हाच धुपला.
आमसुलं वाळत असतात,
लाल डाग, त्यांत मी वाकून काहीतरी बघत असतो.
सोलं उलटणारी बाई विचारते,
"काय शोधतास?"
"आठ."
ती डोळ्यांवर हात धरून उन्हाकडे बघते.
"आठांक अजून येळ आसा," म्हणते.