लाभ, दोन

सिलिकॉनची चकती मी हिऱ्याच्या टोकाने कापते,
अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे, करडे, आरशासारखे.
वहीत त्यांना नंबर आहेत.
देवाजी निखाडे त्यांना टिकल्या म्हणतो.

सिंदेवाहीहून आत नऊ किलोमीटर
धानाच्या बांध्यांमध्ये आमचं कॉलेज.
प्रयोगशाळेच्या खिडकीतून तलावाची पाळ दिसते,
पाळीवर कुणाच्या तरी म्हशी.

आधी भोकं पाडायची.
टेफ्लॉनच्या भांड्यात ते आम्ल, जे काच खातं,
कातडीवर पडलं तर आधी दुखत नाही,
गुपचूप हाडापर्यंत जातं.
मी हातमोज्यांवर हातमोजे घालते,
देवाजीला दाराबाहेर उभं करते.
वीज सुरू. वीस मिनिटं.
बाहेर निघतो तो तुकडा पारव्याच्या मानेसारखा,
कलता धरला की हिरवा, सरळ धरला की जांभळा.
रंग नाही तो. पोकळी आहे.
केसाच्या हजाराव्या भागाएवढी बिळं,
उभी, दाटीवाटीने, प्रत्येकाला तळ.

आता त्यांत तांबं उतरवायचं.
मोरचूद, तेच निळं, जे कृषी केंद्रात पोत्याने मिळतं,
माझ्या बाटलीवर फक्त अक्षरं बारीक आणि किंमत मोठी.
करंट दिला की तांबं येतं,
पण आत जात नाही.
पहिली पंगत मांडवाच्या दारातच बसावी
आणि आतले सगळे पाट रिकामे, तसं.
वरून पाहावं तर तुकडा लालसर, भरल्यासारखा.
मोडून पाहावं तर तोंडं बुजलेली, पोटं उपाशी.
अकरा तुकडे असे गेले.
अकराव्यापुढे मी वहीत काहीच लिहिलं नाही.

देवाजी बीकर विसळत होता.
"मॅडम जी, तुमी एकदम ओतून रायल्या.
रॉकेलची शिशी भरतो ना जी, बारक्या तोंडाची,
धार धरली का गुडगुड करते, बाहेरच सांडते.
थोडं टाकाचं. थांबाचं.
तिले दम खाऊ द्याचा. मंग पुन्हा."

मला हे ठाऊक होतं.
पुस्तकात त्याला नाव आहे, आलेख आहे,
चौकोनी दात असलेली रेघ: चालू, बंद, चालू.
आतलं तांबं संपतं, बाहेरचं यायला वेळ लागतो.
फक्त ते करणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं.
तीन वर्षं मागणीपत्रात होतं,
खिडक्यांच्या पडद्यांखाली, अनुक्रमांक चार.

मग देवाजीच बसला बटणाशी.
धान मोजतात तसा मोजत,
पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं:
लाभ, दोन. चालू.
तीन, चार, पाच, सहा, सात. बंद.
लाभ, दोन.
पन्नास मिनिटं.
चहा आला, गार झाला.
एकदा त्याला ठसका लागला.
एकदा लाईनच गेली, तरी तो मोजत राहिला,
आणि लाईन आली ती नेमकी 'दोन'वर.

तुकडा डबीत, डबी कापसात,
कापूस जेवणाच्या डब्यात,
डबा सहाच्या एसटीने नागपूरला.
तिथल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाच्या रांगेत सतरा दिवस.

फोटो आला. आडवा छेद.
तळापासून निघालेल्या पांढऱ्या काड्या.
रोवणीसारख्या, म्हणणार होते, पण तशा नव्हत्या,
काही अर्ध्यावर थांबलेल्या, काही वाकड्या,
डावीकडची चार बिळं पार कोरडी.
मी खालची मापाची पट्टी वाचत होते.
देवाजीने चष्मा पुसला, कागद उजेडात धरला,
आणि त्या चार कोरड्यांवर बोट ठेवलं.
"इथं मले ठसका लागला होता जी."

तसं होत नसतं.
वीज सगळ्या बिळांची एकदमच तुटते,
ठसका असा एका कोपऱ्यात साठत नाही.
ओठांवर आलं होतं माझ्या.

वही उघडली.
तुकडा बारा. तळापासून भरण, बहुतेक ठिकाणी.
मोजणारा: दे. निखाडे.
शेरा: ठसका, एक.