सहाशे वीस भागिले साडेतीन

निमकर परचेसमधून जिना चढून स्वतः आला,
म्हणजे फोनवर मागता येणार नाही असं काही मागायचं होतं.
भोसरीत दुपारचे तीन. खालच्या शेडमध्ये
कोणीतरी ग्राइंडर बंद करायचं विसरून गेल्यासारखा
तो चालूच होता.

"मॅडम, सोळाचा पत्रा यार्डात पडून आहे.
अठराला अकरा आठवडे.
आणि हे बघा," सर्टिफिकेट माझ्याकडे वळवत,
"सातशे दहा! तुमचं पुस्तक म्हणतं सहाशे वीस.
वरचे नव्वद काय दान करायचे?"

सातशे दहा भागिले साडेतीन.
सोळा पुरतो. त्याने मोबाइलवर करूनच आणलं होतं
आणि बरोबर होतं.
हीच तर पंचाईत.

पत्रा खरंच चांगला. ड्युप्लेक्स:
अर्धा फेराइट, अर्धा ऑस्टेनाइट,
भिंगाखाली एका चाळीतली दोन बिऱ्हाडं,
एक खारं पाणी दारातून परतवतं,
दुसरं घर तुटू देत नाही.
उष्णतेचं मात्र दोघांनाही वावडं.
युनूस बागवान एक पास मारतो,
जोडाजवळ खडू टेकवतो, खडू विरघळला
तर हेल्मेट वर करून म्हणतो,
"चहा पिऊन येतो. याचा राग उतरू दे."

मी निमकरला विचारलं, हे सातशे दहा कोणाचे?
"या पत्र्याचे."
नाही. पत्र्याच्या कोपऱ्यातून कापलेल्या
बोटभर तुकड्याचे. तो ओढला, तुटला,
तुटताना आकडा सांगून भंगारात गेला.
जो उरलाय त्याला अजून कोणी विचारलेलं नाही.

खळदकर सर निवृत्त होताना मला
निळं पेन आणि एक वाक्य देऊन गेले.
पेन हरवलं.
"आपण या पत्र्यासाठी जाडी काढत नाही गं,
याच नावाचा, कसाबसा पास झालेला
जो सगळ्यात रडतराऊत पत्रा जगात असेल
त्याच्यासाठी काढतो."

आणि साडेतीन?
निमकरने विचारलंच. तीन का नाही, चार का नाही?
मला खरं उत्तर येतं,
त्यात शंभर वर्षांचे फुटलेले बॉयलर आहेत.
पण तीन वाजून गेले होते, म्हणून म्हणाले,
आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन,
याच गावात शहाणेही साडेतीनच होऊन गेले.
त्यातला अर्धा तो,
ज्याने तलवार कधी उचलली नाही,
नुसते कागद सांभाळले.
तो हसला नाही. सर्टिफिकेट घडी करून
खिशात घातलं,
उधारी नाकारलेल्या माणसासारखं.

मी रकान्यात लिहिलं: एकशे सत्त्याहत्तर.
यील्डच्या बाजूने मोजले तर तीनशे निघतात,
पण दोन आकड्यांतला लहान घ्यायचा
हे पुस्तकात आहे,
आणि पुस्तकाआधी आमच्या आईच्या किराण्याच्या वहीत होतं.
जाडी सतरा पॉइंट दोन.
म्हणजे अठरा.
सही. तारीख.

अकरा म्हणता म्हणता तेरा आठवडे लागले.
त्या तेरा आठवड्यांत जिन्यात मला पाहून
निमकर मोबाइल काढायचा.
मग पत्रा आला. सर्टिफिकेट
पहिल्यांदा माझ्याच टेबलावर आलं.
सहाशे अठ्ठावीस.

आठ जास्तीचे.
मी ते फाइलला लावलं, पंच केलं,
कोणाला काही बोलले नाही.

टेस्टच्या दिवशी नगरपालिकेचं पाणी
क्लोराइड तपासून भरलं.
काटा पासष्टवर नेऊन ठेवला.
सगळे काट्याकडे बघत होते.
युनूस तेवढा जोडावरून कोरडं फडकं फिरवत,
मधूनच फडकं उलटं करून बघत होता.