इतर (कृपया लिहा)

ग्रिम्सबीच्या कौन्सिलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
जिथून डॉक टॉवर दिसतो
आणि वारा फिरला की धुरावलेल्या हॅडकचा वास येतो,
मी पोरांच्या अडचणी मोजते.
सात शाळा, अकराशे बारा फॉर्म.
त्यातले एकतीस भिजलेले; कुणीतरी ते
सायकलच्या कॅरियरला बांधून आणले होते.

प्रश्न चौदावा:
तुझ्या वयाच्या मुलामुलींमध्ये तुला काय काय दिसतं?
एकटेपणा, एकसष्ट टक्के.
व्हेप, अठ्ठावन्न.
झोप नाही, घरात पैसे नाहीत, आरशासमोर उभं राहवत नाही,
स्वतःला इजा करणं, चोवीस.

प्रश्न पंधरावा: आणि तुझं स्वतःचं?
इथे आकडे एकदम अंग चोरतात.
एकटेपणा, अकरा.
इजा, दोन.
‘सांगायचं नाही’ असा चौकोन आम्ही ठेवलाच नव्हता,
म्हणून चारशे सहा जणांनी पान कोरं सोडलं.
कोऱ्याला आमच्याकडे नव्याण्णव म्हणतात.
नव्याण्णव बेरजेत धरत नाहीत.

डेरेक हॅलम म्हणाला, अतिशयोक्ती आहे गं,
या वयात दुसऱ्याचं सगळं मोठंच दिसतं.
मला कुसळ आणि मुसळ आठवलं.
मान डोलावली. चहा घेतला.

मग वाटलं, असंही असेल:
एक मुलगी दुसऱ्या तासाला बाथरूममध्ये रडते,
वर्गात अठ्ठावीस जणांना ते कळतं,
अठ्ठावीस जण प्रामाणिकपणे खूण करतात.
एका मुलीच्या अठ्ठावीस मुली.
म्हणजे आम्ही मुलं मोजलीच नाहीत,
डोळे मोजले.
हे मी फळ्यावर काढून दाखवलं. डेरेक खूश झाला.
आकडा कमी होतो म्हटल्यावर
कोण खूश होणार नाही?

फॉर्म क्रमांक सातशे त्रेचाळीस.
‘इतर (कृपया लिहा)’ या ओळीवर, पेन्सिलीने:
*एक मुलगी आहे, ती जेवणाच्या सुट्टीत
प्रिंटरच्या खोलीत बसते. तिथे गरम असतं.
बाकी तिला काही प्रॉब्लेम नाही.*

याला कोड काय देऊ?
एकटेपणा म्हणावं तर तसं लिहिलेलं नाही.
घरात हीटर बंद असेल का? तसंही लिहिलेलं नाही.
आणि ती खोली गरम आहे हे
लिहिणारीला कसं माहीत?

मिरजेला, नववीत, आम्हाला असं कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी लिहिलं असतं,
माझ्या शेजारी बसते ती कुमुदिनी
डबा न खाताच परत नेते, वाटेत गाईला घालते,
तिच्याकडे जरा लक्ष द्या.
बाईंनी हजेरीपट चाळला असता.
वर्गात कुमुदिनी नव्हती.
माझ्या शेजारी कुणी बसत नव्हतं.

लेकी बोले सुने लागे.
पण इथे सून कोण, आणि ऐकायला बसलंय कोण?
मी, हेडफोन लावून, दुपारी साडेतीनला,
एक्सेलच्या सातशे त्रेचाळिसाव्या ओळीवर.

खाली शाळा सुटली आहे. बसस्टॉपवर
चिप्सचा एकच पुडा पाचजणांत फिरतोय.
सहावा जरा लांब उभा आहे, फोनमध्ये बघत.
त्याला नको असतील चिप्स.
खरंच नको असतील.
मी या खिडकीतून काय काय ठरवणार?

अहवाल गुरुवारी द्यायचा होता.
चौदाव्या प्रश्नाच्या तक्त्याखाली मी तळटीप टाकली:
‘इतरांविषयीची काही उत्तरे स्वतःविषयी असण्याची शक्यता आहे.’
डेरेकने काढली. पुरावा नाही म्हणाला.
बरोबरच आहे, नाही.
छपाईला जाण्याआधी मी ती परत टाकली,
पान नऊ, आठ पॉइंटात,
आणि त्या प्रिंटरच्या खोलीत कुणी ‘आत जाऊ नये’ची पाटी लावू नये म्हणून
शाळेचं नाव मात्र गाळलं.